वर्ध्याला रेसिंग ट्रॅक कधी? बैलांच्या पटापासून समृद्धीपर्यंत

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर फोन खिशातच राहू द्या, आवाज पुरेसा आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर.

आजचा विषय गाडीवेड्यांचा. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी, गाड्यांचा नाद असलेली चार पोरं चहाच्या टपरीवर जमली की एक प्रश्न निघतोच. "भाऊ, आपल्याकडे रेसिंग ट्रॅक कधी होईन?" मग कोणीतरी सांगतो की अमुक ठिकाणी जागा बघितली म्हणे. दुसरा म्हणतो, नागपूरला होणार, आपल्याकडे नाही. तिसरा मोबाइलवर कुठल्या तरी ट्रॅकचा व्हिडिओ काढून दाखवतो, आणि चहा थंड होतो.

आधी सरळ उत्तर देतो. आज वर्धा जिल्ह्यात मोटार रेसिंगचा कायमचा ट्रॅक नाही. पण एवढ्यावर भाग संपवला तर तुम्ही मला सोडणार नाही, मला माहीत आहे. म्हणून आज प्रश्न थोडा उलटा करू. वेगासाठी वेगळी जागा लागते, हे माणसाला कधी कळलं? जगात कसं कळलं, देशात कसं कळलं, आणि आपल्या जिल्ह्यात? त्याची सुरुवात मोटारीपासून होत नाही, बैलापासून होते.

गवळाऊ: वर्ध्याचं स्पोर्ट्स मॉडेल

वर्धा जिल्ह्याच्या नावावर एक देशी गोवंश आहे. गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा त्याचा मूळ पट्टा. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीच्या संवर्धनासाठी सरकारी प्रक्षेत्र आहे. पांढरा-राखाडी रंग, हलकी बांधणी, लांबट चेहरा. हे जनावर दिसायलाच चपळ.

आता ही चपळाई आली कुठून? पशुवैद्यकाच्या पुस्तकांत या जातीबद्दल एक गोष्ट हमखास लिहिलेली असते. मराठ्यांच्या काळात डोंगराळ वाटांनी सैन्याचं सामान भराभर हलवावं लागायचं. त्यासाठी जड ओझं ओढणारा बैल कामाचा नव्हता, दुडक्या चालीने लांब पल्ला मारणारा बैल हवा होता. तशी जनावरं निवडत निवडत ही जात घडत गेली. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रकऐवजी हॉट हॅचबॅक बनवली.

शेतकऱ्याच्या घरीही गाड्यांचे प्रकार होतेच. कापूस, धान्य वाहायला बंडी. पाहुण्यांना आणायला, बाजाराला, लग्नाला जायला हलकी दमणी किंवा रेंगी. बंडीची जोडी वेगळी, दमणीची वेगळी. ज्याच्या घरी पळणारी जोडी, त्याची गावात वट. "कोणाची जोडी जास्त पळते?" हा प्रश्न एकदा आला, की पुढचा प्रश्न येतोच: "पाहू कुठं?"

पट म्हणजे काय, तर मोजलेली जागा

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे शंकरपट. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, बोलताना नुसतं पट. पिकं निघाली, रान मोकळं झालं, की थंडीच्या दिवसांत गावोगाव पट भरतात. वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर लांबलांबपर्यंत प्रसिद्ध. तिथली परंपरा शंभराहून जास्त वर्षांची सांगतात, आणि तिथे बायकांचाही पट होतो. बाई कासरा धरते आणि जोडी सुटते. बघायला तोबा गर्दी.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक सरळ लांब पट्टी आखलेली असते. दगड वेचलेले, जमीन सारखी केलेली, सुरुवात आणि शेवट ठरलेला. गाडी अगदी हलकी, फक्त सांगाडा. तिच्यावर धुरकरी, म्हणजे हाकणारा. बऱ्याच ठिकाणी एका वेळी एकच जोडी सोडतात आणि शर्यत असते घड्याळाशी. पूर्वी माणूस हातात घड्याळ धरून बसायचा, आता इलेक्ट्रॉनिक यंत्र सेकंदाचे बारीक भागही दाखवतं. गावच्या जोड्यांचा गट वेगळा, बाहेरून आलेल्या नामी जोड्यांचा वेगळा. पश्चिम महाराष्ट्रात तर बैलगाडा हाकणाऱ्याला चक्क 'ड्रायव्हर' म्हणतात.

आता यातली मुख्य गोष्ट बघा. पट रस्त्यावर होत नाही. बाजाराला जाणारा रस्ता वेगळा आणि पट वेगळा. पटावर समोरून कोणाची बंडी येणार नाही, पोर आडवं जाणार नाही, हे आधी बघितलेलं असतं. जागा, मोजमाप, घड्याळ, गट, पंच आणि कडेला प्रेक्षक. मोटार रेसिंगच्या ट्रॅकला जे जे लागतं त्याचा साधा आराखडा इथे आहे.

पटात सगळं छान होतं असं मात्र नाही. तुतारी टोचणं, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका देणं असे प्रकार व्हायचे, आणि त्यावरूनच पुढे बंदी आली. त्याकडे आपण नंतर येऊ. आधी एक लांबची चक्कर मारू, कारण मोटारवाल्यांना हीच गोष्ट शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली.

युरोपने रस्त्यावर शर्यत लावली, आणि मग…

मोटार नवी होती तेव्हा शर्यती रस्त्यावरच व्हायच्या. एका शहरातून निघायचं आणि दुसऱ्या शहरात पोहोचायचं. मे १९०३ मध्ये पॅरिस ते माद्रिद अशी प्रचंड शर्यत निघाली. दोनशेवर गाड्या. रस्ते मातीचे, धुळीने पुढचं काही दिसेना. दोन्ही बाजूंना लाखो लोक, काही तर रस्त्याच्या मधोमध उभे. अशा गर्दीतून ताशी १०० किलोमीटरच्या वर पळणाऱ्या गाड्या जात होत्या.

पहिल्याच दिवशी अपघातांची मालिका लागली. चालक, मेकॅनिक, बघे, सगळ्यांत माणसं गेली. रेनो कंपनीच्या भावांपैकी एक, मार्सेल रेनो, याच शर्यतीत जखमी होऊन वारला. बोर्दो शहरात शर्यत थांबवली गेली. सांगतात की त्या वेगवान गाड्या सुरू करायचीही परवानगी मिळाली नाही, घोड्यांनी ओढत त्या स्टेशनवर नेल्या.

चार वर्षांनी, १९०७ साली, इंग्लंडमध्ये ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने ब्रुकलँड्स हा ट्रॅक बांधला. खास मोटारींसाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक. सुमारे साडेचार किलोमीटरचा, काँक्रीटचा, वळणांवर उंच चढवलेला. इंग्लंडच्या रस्त्यांवर तेव्हा वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर होती. गाडी किती पळते हे बघायचं तर कुठे बघणार? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ब्रुकलँड्स. बिचारा लॉक किंग त्या खर्चात जवळजवळ बुडाला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इटलीला मात्र शिकायला वेळ लागला. तिथे 'मिल्ले मिलिया' नावाची हजार मैलांची शर्यत साध्या रस्त्यांवरून, गावांमधून जायची. मे १९५७ मध्ये एका गाडीचा टायर फुटला आणि ती बघ्यांत घुसली. चालक आणि सहचालक गेले, नऊ बघे गेले, त्यात पाच लहान मुलं होती. त्यानंतर ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही.

म्हणजे चित्र सगळीकडे सारखं आहे. वेगाची हौस आधी येते, जागा नंतर येते. मधल्या काळात जी माणसं जातात, त्यात शर्यतीशी काही संबंध नसलेलीही असतात.

भारतात: धावपट्टीपासून बुद्ध सर्किटपर्यंत

आपल्याकडे मोटारी आल्या त्या राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी स्पर्धा झाली, घाट चढत-उतरत. त्यात गाजलेली रोल्स-रॉइस नंतर ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. पण ती परीक्षा टिकाऊपणाची होती, वेगाची कमी.

खरी रेसिंग रुजली मद्रासकडे. दुसऱ्या महायुद्धात शहराच्या उत्तरेला शोलावरम इथे विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, धावपट्टी रिकामी पडली. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि त्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. ना स्टँड, ना झगमगाट. ड्रम आणि गवताचे भारे ठेवून वळणं बनवायची. लोक हजारोंनी यायचे. पुढची तीन दशकं भारतीय रेसिंगचं घर हे असं होतं, दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या पट्टीवर.

त्याच क्लबने पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे स्वतःचा ट्रॅक उभारला, सुमारे ३.७ किलोमीटरचा. तो १९९० च्या सुमारास सुरू झाला. नंतर कोईमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आला. तमिळनाडूतून इतके रेसर का निघतात, असं आपण विचारतो ना? पाण्यात काही जादू नाही. त्यांच्याकडे आधी जागा झाली, मग क्लब मुरला, मग मेकॅनिक तयार झाले, मग पोरं.

आणि मग २०११. ग्रेटर नोएडाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, पाच किलोमीटरहून लांब. ३० ऑक्टोबर २०११ ला पहिली इंडियन ग्रां प्री झाली. सेबास्टियन व्हेटेल जिंकला, पुढच्या दोन्ही वर्षीही तोच. देशभर वाटलं, आता आपण पोहोचलो. पण २०१३ नंतर फॉर्म्युला वन आलीच नाही. हा खेळ आहे की करमणूक, म्हणजे कर किती लावायचा, यावर वाद झाले. पैशांची गणितं बिघडली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी झाली, तीही पुढच्या वर्षी नाही. आठवतो ना तो लॉक किंग? ट्रॅक बांधणं एक आणि तो पोसणं दुसरं.

महाराष्ट्राचं नाव निघालं ते रॅलीत. १९८० ची पहिली हिमालयन रॅली निघाली होती मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरून. नाशिकने रॅलीची परंपरा जपली. कोल्हापूरने कार्टिंगमधून पोरं घडवली. अलीकडे पुण्याकडे मावळातल्या नाणोलीच्या ट्रॅकची चर्चा गाडीवेड्यांत असते. विदर्भ मात्र अजून वाट बघतोय.

ऑक्स-फोर्ड आणि पल्सर

आता घरी परत येऊ. वर्ध्याची ओळख जगाला हळू चालणाऱ्या माणसांमुळे झाली. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला राहायला आले, तेच पुढचं सेवाग्राम. रस्ता कच्चा, पावसाळ्यात चिखल. त्या काळातला एक किस्सा सांगितला जातो. एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर वापरत, आणि गंमतीने तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. ऑक्स म्हणजे बैल, पुढे फोर्ड! काळ्या मातीच्या चिखलात इंजिनापेक्षा जोडी भरवशाची, असा साधा हिशेब.

गांधीजींना वर्ध्याला आणणारे जमनालाल बजाज हे वर्ध्याचेच. त्यांच्या आजोबांचं, शेठ बछराज यांचं, नाव घेऊन १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. जमनालालजींचे नातू राहुल बजाज यांच्या काळात, २००१ मध्ये, बाजारात आली पल्सर. म्हणजे गावागावांतल्या पोरांना ज्या गाडीने वेगाचं वेड लावलं, त्या गाडीच्या घराण्याची मुळं आपल्याच जिल्ह्यात आहेत.

गाडी आली. कर्जावर आली, हप्त्यावर आली, दरवर्षी जास्त ताकदीची आली. ती पळवायची जागा मात्र कोणी विकली नाही.

आणि मग समृद्धी आली

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, ५२० किलोमीटर. पूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. नागपूर सोडलं की तो लगेच आपल्या सेलू तालुक्यात शिरतो, वर्धा, आर्वी करत नदी ओलांडतो आणि धामणगाव रेल्वे तालुक्यात जातो. म्हणजे पटाच्या तळेगाव दशासरच्याच तालुक्यात.

रुंद, गुळगुळीत, नजर पोहोचेल तिथवर सरळ. गाडीवेड्याला वाटलं, हाच आपला ट्रॅक! मीटरच्या काट्याचे व्हिडिओ फिरायला लागले. खरं तर दुचाकीला तिथे परवानगीच नाही, आणि कारला मर्यादा ताशी १२० ची.

पण रस्ता आणि ट्रॅक यात फरक काय, हे शांतपणे बघू. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने, साधारण एकाच वेगाने जातात. महामार्गावर तुम्ही १५० वर असता आणि पुढे ८० चा ट्रक. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, खडीचे पट्टे असतात, टायरच्या भिंती असतात. चुकलं तर गाडी हळूहळू थांबावी म्हणून. दर थोड्या अंतरावर झेंडा घेतलेला माणूस असतो, ॲम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी असते. रस्त्यावर चुकलं तर पुढे कठडा, पूल किंवा दुसऱ्याची गाडी.

हे वर्धेकरांना सांगायची गरज नाही. जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून कार कोसळून मेडिकलचे सात विद्यार्थी गेले. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही होते. या दोन्ही शर्यती नव्हत्या, हे स्पष्ट सांगतो. मुद्दा एवढाच, की रस्ता चुकीला जागा देत नाही. मग तिथे मुद्दाम चूक करायला का जायचं?

बैलांसाठी नियम झाला, गाड्यांसाठी?

आता तो बंदीचा विषय. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी प्रकरण अडकलं. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. साडेसात वर्षं पट बंद होते.

पट परत आले ते अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी. काठी, टोचणं, झटका बंद. धावपट्टी जास्तीत जास्त १००० मीटर. आणि ही अट नीट ऐका: रस्त्यावर किंवा महामार्गावर शर्यत घ्यायची नाही. गावाला आधीच माहीत असलेली गोष्ट आता कागदावर आली.

गाड्यांसाठीही कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ म्हणतं, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड पाच हजारांपर्यंत, पुन्हा सापडलात तर दहा हजारांपर्यंत, आणि तुरुंगवासही होऊ शकतो. पण त्यातच दार उघडं ठेवलंय बघा, 'लेखी संमती'. त्याच दाराने हैदराबादला हुसेनसागराच्या काठावर फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई झाली, आणि ऑगस्ट २०२४ च्या शेवटी चेन्नईत रात्रीची स्ट्रीट रेस झाली. रस्ता पूर्ण बंद करून, भिंती लावून, काही दिवसांसाठी त्याचा ट्रॅक केला.

मग आपण मागायचं काय?

वर्ध्याला बुद्ध सर्किट मिळेल का? मला तरी ते जवळ दिसत नाही. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर डांबरी ट्रॅक सपाट ठेवायचा तर खालून भक्कम भर घालावी लागते आणि खर्च वाढत जातो. जमीन शेतकऱ्याची, आणि ती कशासाठी द्यायची हा प्रश्न त्यानेच सोडवायचा.

पण शोलावरम आठवा. ती रिकामी धावपट्टी होती. आणि पट आठवा. तो तर निघालेल्या पिकाचं रान आहे, काही दिवसांपुरतं. मोटार स्पोर्टमध्ये याच जातीचा एक प्रकार आहे, ऑटोक्रॉस. मोकळं मैदान, मातीचं चालतं, मुरमाड असेल तर उत्तम. शंकू ठेवून वळणं आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, शर्यत घड्याळाशी. ओळखीचं वाटतंय ना? हा तर चाकांचा पट झाला! घरची साधी कार चालते. लागतं ते हेल्मेट, सीटबेल्ट, आग विझवायचं सिलेंडर, ॲम्ब्युलन्स, प्रेक्षकांसाठी लांब आखलेली दोरी, प्रशासनाची परवानगी आणि देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचे नियम पाळणारा क्लब.

क्लब हा शब्द शेवटी मुद्दाम घेतला. मद्रासला ट्रॅकच्या कितीतरी आधी क्लब होता. तळेगावचा पटही गावातल्या मंडळाने धरून ठेवला म्हणून टिकला. आपल्याकडे गाडीवेडे पुष्कळ आहेत. पण परवानगीचा अर्ज लिहिणारे, वेळ नोंदवणारे, दोरी धरून गर्दी मागे सारणारे किती? ती दहा माणसं ज्या दिवशी जमतील, त्या दिवशी वर्ध्याच्या ट्रॅकची सुरुवात झाली असं मी म्हणेन, भले मैदान भाड्याचं का असेना.

तोवर समृद्धीवर १२० म्हणजे १२०. घरी वाट बघणारे असतात, भाऊ.

तर मंडळी, आज इथेच थांबू. तुमच्या गावात पूर्वी पट कुठे भरायचा, ती जागा आज काय झाली, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. गावाचं नाव सांगायला विसरू नका. चांगल्या आठवणी आल्या तर त्यांचाच एक वेगळा भाग करू. भेटू पुढच्या आठवड्यात. सावकाश जा!